लॅपटॉप सारखा निळा पडतोय – फॉरमॅट, रॅम की थेट मदरबोर्ड?

दाभोळची_खाडी | ८ जुलै, २१:१२

मंडळी, कुणाकडे इलाज असेल तर सांगा.

लॅपटॉप साडेतीन-चार वर्षांचा, वॉरंटी संपलेली. आय५ अकराव्या पिढीचा, ८ जीबी रॅम बोर्डावरच आणि ८ जीबीची पट्टी वरून टाकलेली, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, विंडोज ११ होम. काम म्हणजे टॅली, एक्सेल आणि जीएसटीचं पोर्टल. गेम वगैरे कोणी खेळत नाही.

पाऊस सुरू झाल्यापासून हा अधूनमधून निळा पडतो, म्हणजे पडदा निळा होऊन त्यावर एररचा कोड येतो आणि सगळं अडकतं. कधी आठवडाभर सुखात चालतो, कधी एकाच दुपारी लागोपाठ. कोडही दर वेळी वेगळा. वहीत लिहून ठेवलेले असे: क्रिटिकल प्रोसेस डाइड, कर्नल डेटा इनपेज एरर, अनएक्स्पेक्टेड स्टोअर एक्सेप्शन. खाली जे टक्के दिसतात ते शून्यावरच बसून राहतात. शेवटी बटण दाबून धरून बंद करावा लागतो. कधीकधी लगेच चालू केला तर बूट करायला डिस्कच सापडत नाही म्हणतो. जरा वेळ बंद ठेवून लावला की जसं काही झालंच नाही असा सुरू होतो.

दुकानात नेला. त्यांनी ठेवून घेतला, त्यांच्याकडे एकदाही निळा पडला नाही. तरीही "मॅडम, मदरबोर्ड जातोय" म्हणून अठरा हजार सांगितले. २० तारखेपर्यंत सगळ्या अशिलांच्या थ्रीबी (जीएसटीची रिटर्न) भरायच्या आहेत, त्यामुळे आत्ता फार प्रयोग करायची छाती नाही. पण अठरा हजार द्यायचीही नाही.

भटकं_खेचर | ८ जुलै, २१:२०

फॉरमॅट मारा.

पेठेतला_पुणेकर | ८ जुलै, २१:२६

खेचरराव, मागे कुणाचा प्रिंटर कागद गिळत होता तेव्हाही तुम्ही फॉरमॅटच सांगितला होतात.

भटकं_खेचर | ८ जुलै, २१:२८

आणि प्रिंटर सुधारला की नाही ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. म्हणजे सुधारला असणार.

लिनक्सधारी | ८ जुलै, २१:४१

निळा पडदा नको असेल तर उबुंटू टाका. आमच्याकडे काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात, डोळ्यांना त्रास नाही.

पेठेतला_पुणेकर | ८ जुलै, २१:४४

विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीतही पडदा आता काळाच केलाय. तुमचं वेगळेपण तेवढंच होतं, तेही गेलं.

टोरांटोकर | ८ जुलै, २२:०५

दर वेळी वेगळा कोड म्हणजे नव्वद टक्के रॅम. माझ्या जुन्या मशीनवर एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल, एकदा पेज फॉल्ट असे यायचे. ग्राफिक्सचे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारी सॉफ्टवेअर) बदलले, विंडोज नवं टाकलं, काही उपयोग नाही. विंडोजची स्वतःची मेमरी चाचणी म्हणायची सगळं ठीक आहे. मग मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवलं तर तिसऱ्या फेरीत लाल ओळींचा पाऊस. एक पट्टी खराब निघाली. तुम्ही तर ८ जीबीची पट्टी नंतर टाकली आहे. ती काढून ठेवा आणि नुसत्या बोर्डावरच्या रॅमवर चार दिवस चालवून बघा. फुकटात होणारी चाचणी आहे.

वऱ्हाडी_ठेचा | ८ जुलै, २२:३०

ताई, हे लाइनीचं काम हाय. आमच्या अकोल्यात उन्हाळ्यात व्होल्टेज असं नाचते का बस! तुमच्या कोकणात पावसात लाइट येते-जाते, तवा झटका बसतो. माह्या भावाच्या दुकानात कम्प्युटर असाच बंद पडे, अर्थिंग करून घेतली अन् स्टॅबिलायझर लावला, तवापासून एकदम चकाचक. आधी घराची अर्थिंग तपासा, मंग रॅम-फिम पाहा.

दाभोळची_खाडी | ८ जुलै, २२:४८

@टोरांटोकर, मेमटेस्ट आज रात्री लावते. @वऱ्हाडी_ठेचा, तुमचं म्हणणं मलाही पटतंय, कारण बऱ्याचदा लाइट गेली असतानाच होतं. इन्व्हर्टर आहे पण तो पंखे आणि दिव्यांपुरताच, लॅपटॉपची लाइन त्यावर नाही. लाइट गेली की लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर चालतो.

@लिनक्सधारी, टॅली चालवून दाखवा, मग बोलू.

कर्नल_काका | ८ जुलै, २३:१५

ताई, काही बदलायच्या आधी थोडी चौकशी करू द्या. ड्रायव्हर लिहिण्यात हयात गेली, त्यामुळे निळा पडदा पाहिला की मला जरा उत्साहच येतो, माफ करा.

टोरांटोकर म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. कोड वेगवेगळे आले की हार्डवेअरवर संशय घ्यावा, आणि रॅम त्यात पहिली. पण त्यांचे कोड आणि तुमचे कोड एका घरातले नाहीत. कर्नल डेटा इनपेज एरर, म्हणजे ०एक्स७ए, हा विंडोज डिस्कवरून मेमरीचं पान परत आणायला गेलं आणि ते आणता आलं नाही की येतो. अनएक्स्पेक्टेड स्टोअर एक्सेप्शन ०एक्स१५४ मध्येही पुष्कळदा मागे डिस्क असते. आणि विंडोजला जगायला लागणाऱ्या एखाद्या प्रक्रियेच्या पायाखालून डिस्क काढून घेतली तर ती मरते, मग क्रिटिकल प्रोसेस डाइड. तीन वेगळे कोड दिसतात, पण तिघांचं गाऱ्हाणं एकच असू शकतं.

मला सगळ्यात बोलकी वाटली ती शून्य टक्क्यांची गोष्ट. मशीन कोसळतं तेव्हा विंडोज मेमरीतला मजकूर आधी त्याच डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ओतून ठेवतं, आणि पुढच्या वेळी चालू झालं की तिथून उचलून डंप फाइल बनवतं. ते टक्के या ओतण्याचे असतात. डिस्कच उत्तर देत नसेल तर ओतणार कुठे?

आता तीन गोष्टी सांगा.
सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरच्या आत मिनिडंप नावाचं फोल्डर आहे का, आणि त्यात काही फाइली आहेत का? (सफाई करणारं एखादं सॉफ्टवेअर वापरत असाल तर तेही सांगा, ती आधी डंपच साफ करतात.)
इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉगला कोसळण्याच्या वेळेच्या आसपास काय आहे?
आणि मुख्य म्हणजे पडदा निळा होतो तेव्हा लॅपटॉपवर जोरात काम चालू असतं की तो नुसता पडून असतो?

भटकं_खेचर | ८ जुलै, २३:२२

काका आले. आता धागा वाचनखुणेत टाकायला हरकत नाही.

जुना_खिळा | ९ जुलै, ०८:१०

काकांचं निदान ठीक. पण मी लॅमिंग्टन रोडवर आयुष्यभर हेच केलंय, मला विचाराल तर मागचं झाकण उघडा, एसएसडी स्लॉटमधून काढा, कॉन्टॅक्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पुन्हा बसवा, स्क्रू नीट आवळा. रॅमचंही तेच. समुद्राकाठच्या मशीनचे कॉन्टॅक्ट पावसाळ्यात काळे पडतात. माझ्याकडे अलिबाग-मुरुडकडून येणारी निम्मी मशीन नुसती पुसून परत जायची. खोडरबराने घासू नका, त्याचे कण स्लॉटमध्ये जातात.

दाभोळची_खाडी | ९ जुलै, ०९:३५

मेमटेस्ट रात्रभर चाललं, चारही फेऱ्यांत शून्य चुका.

काका, तुमच्या प्रश्नांची उत्तरं:

मिनिडंप फोल्डर आहे, पण रिकामं. सफाईचं कुठलंही सॉफ्टवेअर नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर वेळी कर्नल-पॉवर ४१ आहे, लाल खूण. त्याच्या तपशिलात बगचेक कोड ०. कोसळण्याच्या आधी काहीच नाही, सगळं नेहमीसारखं, आणि मग थेट चालू झाल्यानंतरच्या नोंदी.

आणि तिसऱ्याचं गंमतीदार आहे. मोठी एक्सेल उघडलेली असताना, टॅलीचा बॅकअप चालू असताना कधीच नाही. फोन आला, बोलत बसले, चहा ठेवायला उठले, परत आले की निळा.

वऱ्हाडी_ठेचा | ९ जुलै, ०९:५०

पाहा! कर्नल-पॉवर! आता तं विंडोजच सांगून रायलं का पॉवरचा लोचा हाय.

कर्नल_काका | ९ जुलै, १०:२०

ठेचासाहेब, ४१ नंबरची नोंद एवढंच सांगते की मशीन रीतसर बंद न होता पुन्हा चालू झालं. तुम्ही बटण दाबून धरलंत तरी ती पडते, बॅटरी उपटलीत तरी पडते. वीज खराब आहे असा तिचा अर्थ नाही. आणि बगचेक कोड शून्य याचा अर्थ निळ्या पडद्याची माहिती लिहून ठेवायलाच विंडोजला जमलं नाही. कोसळण्याआधीच्या नोंदी नाहीत याचंही कारण तेच असावं: लॉगही त्याच डिस्कवर लिहायचा असतो.

शिवाय अॅडॉप्टर विजेचा चढउतार बराच पचवतो. बहुतेक लॅपटॉप अॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही घेतात, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं बघा. आणि लाइट गेल्यावर मशीन बॅटरीवर असतं, तेव्हा झटका बसणार कुठून?

ताई, एक चाचणी करा. लाइट असताना मुद्दाम अॅडॉप्टर काढून ठेवा आणि मशीन काहीही न करता नुसतं पडू द्या. मात्र स्लीपमध्ये जाऊ देऊ नका, सेटिंगमध्ये स्लीप "कधीच नाही" करा. निळा पडला तर भिंतीतल्या विजेचा संबंध संपला.

वऱ्हाडी_ठेचा | ९ जुलै, १०:३१

काका, १०० ते २४० तुमच्या पुण्यात. आमच्याकडे ४०० बी येते कधीकधी.

पेठेतला_पुणेकर | ९ जुलै, १०:३५

पुण्यात काय येतं ते आमच्या सोसायटीच्या लिफ्टला विचारा.

नीलपरी_नाशिक | ९ जुलै, ११:०२

मी असं वाचलंय की ड्रायव्हर व्हेरिफायर चालू केला की कुठला ड्रायव्हर खराब आहे ते लगेच कळतं. तो का नाही वापरत?

कर्नल_काका | ९ जुलै, ११:४०

नीलपरी, चांगलं हत्यार आहे, पण इथे नको. व्हेरिफायर ड्रायव्हरांना मुद्दाम छळतो, आणि चुकार ड्रायव्हर सापडला की स्वतःच मशीन पाडतो. तो ड्रायव्हर विंडोज सुरू होतानाच लागणारा असेल तर मशीन चालू होत-होत पडत राहतं, आणि सेफ मोडमध्ये, म्हणजे गरजेपुरत्याच विंडोजमध्ये, जाऊन व्हेरिफायर रीसेट करावा लागतो. शिवाय सापडलेला आरोपी डंपमध्ये लिहिला जातो. इथे डंपच लिहिला जात नाहीये. त्यात २० तारीख डोक्यावर. नाही.

जाता जाता, हा मुद्दा सगळ्यांसाठी: डंप मिळाला तरी तो वाचणाऱ्या ब्लूस्क्रीनव्ह्यूमध्ये "एनटीओएसकर्नल" असं नाव दिसलं म्हणजे विंडोजचा गाभा खराब आहे असं नाही. पडताना शेवटचा श्वास त्यानेच घेतलेला असतो, एवढंच. विनडीबीजी या मायक्रोसॉफ्टच्या डीबगरमध्ये उघडून मागची साखळी बघावी लागते.

भटकं_खेचर | ९ जुलै, ११:४४

म्हणजे फॉरमॅट मारला की एनटीओएसकर्नल पण नवा येणार ना?

टोरांटोकर | ९ जुलै, १९:१५

मेमटेस्ट स्वच्छ आलं म्हणजे माझा घोडा शर्यतीतून बाद. तरी पट्टी काढून बघायला हवी होती असं मला अजून वाटतं. पण काकांचा शून्य टक्क्यांचा मुद्दा मी ऐकला नव्हता. माझ्याकडे टक्के शंभरापर्यंत जायचे आणि मिनिडंपचा ढीग साचायचा. बरोबर उलट.

सायलेंट_वाचक | ९ जुलै, २०:४०

सेफ मोडचा विषय निघालाय म्हणून. जुलै २०२४ ची ती १९ तारीख आठवते का कुणाला? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरवाल्या कंपनीची एक सदोष फाइल आली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. उपाय सोपा होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवायची. पण बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) लावलेल्या मशीनवर आत शिरायलाच ४८ आकडी किल्ली लागायची, आणि ती किल्ली कुठे ठेवली आहे ते कुणाला आठवत नव्हतं.

जुना_खिळा | ९ जुलै, २१:०५

किल्लीवरून बरं आठवलं. ताई, तुमचं विंडोज ११ होम आहे आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने उघडत असाल तर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असू शकते. कोणी तुम्हाला विचारून करत नाही. झाकण उघडण्याआधी, बायोस-फर्मवेअरला (हार्डवेअरच्या आतल्या सॉफ्टवेअरला) हात लावण्याआधी, खात्यात लॉगिन करून ती किल्ली बघा आणि कागदावर उतरवा. लॅपटॉपमध्ये सेव्ह करून ठेवू नका. हसू नका, लोक करतात.

आणि बॅकअप. डिस्कवर संशय आला की पहिलं काम बॅकअप, बाकी शोधकार्य नंतर. टॅलीचा डेटा फोल्डर बाहेरच्या ड्राइव्हवर आजच्या आज.

दाभोळची_खाडी | १० जुलै, १४:२०

बॅकअप घेतला. किल्ली मिळाली, वहीत उतरवली. डिस्क खरंच एन्क्रिप्ट झालेली होती, मला पत्ताच नव्हता.

आणि काका, चाचणी झाली. सकाळपासून लाइट होती. प्लग काढून ठेवला, स्लीप बंद केलं, मी बाजूला बसून वाउचर तपासत होते. बराच वेळ काही नाही. मी म्हटलं झालं, ठेचासाहेब जिंकले. तेवढ्यात निळा! शून्य टक्के, बराच वेळ तसाच. मग पुन्हा चालू करून प्लग लावून तसाच पडू दिला. जेवण होऊन गेलं तरी ढिम्म, चालू आहे.

वऱ्हाडी_ठेचा | १० जुलै, १४:३३

बरं, लाइन सुटली. पण अर्थिंग तपासून घ्याच ताई, त्याचं अन् याचं काही नाही.

पेठेतला_पुणेकर | १० जुलै, १४:५०

आणि दुकानात एकदाही का नाही झालं ते आता कळलं. तिकडे टेबलावर दिवसभर चार्जर लावलेला असणार.

कर्नल_काका | १० जुलै, १६:३०

पुणेकर, अगदी. मीही हेच लिहायला आलो होतो.

आता कारण काय असावं ते सांगतो. एनव्हीएमई एसएसडी ही पीसीआय एक्सप्रेसच्या मार्गिकांवर बसते. काम नसलं की ती मार्गिका झोपवून वीज वाचवायची सोय विंडोजमध्ये आहे, तिला लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट म्हणतात. नेहमीच्या बॅलन्स्ड योजनेत चार्जरवर ती मध्यम ठेवलेली असते आणि बॅटरीवर कमाल. शिवाय एसएसडी स्वतःही रिकामी असताना हलक्या झोपेतून गाढ झोपेत जाते. काही एसएसडींच्या फर्मवेअरमध्ये, किंवा एसएसडी आणि बोर्ड यांच्या विशिष्ट जोडीत, गाढ झोपेतून जागं होणं फसतं. विंडोज हाका मारतं, समोरून ओ नाही. मग निळा. काम चालू असताना होत नाही, कारण तेव्हा ती झोपतच नाही. लगेच चालू केल्यावर डिस्क सापडत नाही आणि पूर्ण बंद करून लावल्यावर सापडते, तेही यात बसतं: वीज पूर्ण तुटली की ती नव्याने उठते.

हा अजून संशयच आहे. पुरावा हवा असेल तर एक सोय आहे. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, क्रॅशकंट्रोल या ठिकाणी डिस्प्लेपॅरामीटर्स नावाची डीवर्ड नोंद बनवून १ किंमत द्यायची आणि मशीन रीस्टार्ट करायचं. मग निळ्या पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात चार लांबलचक आकडे दिसतात. डंप लिहिला जात नसेल तर ती माहिती मिळवायची दुसरी सोपी वाट नाही. कोड ०एक्स७ए आला तर दुसरा आकडा बघायचा, फोनने फोटो काढा. शेवट सी०००००९सी असेल तर डिस्कवरची जागा खराब झाली आहे, वाचता येत नाही. सी०००००९डी असेल तर डिस्क जोडलेलीच नाही असं विंडोजला वाटतंय. एका अक्षराचा फरक आहे, पण पहिल्यात एसएसडी बदलायची आणि दुसऱ्यात बहुधा नाही.

नेमका मार्ग व्यनि (खासगी निरोप) करतो, इथे रजिस्ट्रीचे पत्ते टाकले की लोक भलत्याच ठिकाणी बोट घालतात.

जुना_खिळा | १० जुलै, १७:१०

हे सगळं वाचून छान वाटलं. पण एवढ्यात मी एसएसडी काढून, पुसून, बसवून गिऱ्हाइकाला परतसुद्धा केली असती. जोडलेली नाही असं विंडोज म्हणतंय ना? मग ती ढिली असेल! साधी गोष्ट आधी बघा.

कर्नल_काका | १० जुलै, १७:२५

ढिली असती तर चार्जरवरही पडली असती, टॅलीचा बॅकअप घेतानाही पडली असती. आणि त्यांनी पुसणं आणि सेटिंग एकाच दिवशी केलं तर बरं कशाने झालं ते कळणार कसं?

जुना_खिळा | १० जुलै, १७:४०

गिऱ्हाइकाला कारण नको असतं काका, चालू मशीन हवं असतं.

कर्नल_काका | १० जुलै, १७:४८

आणि तेच गिऱ्हाईक महिनाभराने परत येतं.

जुना_खिळा | १० जुलै, १७:५०

येऊ दे की. धंदा आहे.

भटकं_खेचर | १० जुलै, १७:५६

पॉपकॉर्न संपले, शेंगदाणे भाजायला ठेवलेत. चालू द्या.

दाभोळची_खाडी | ११ जुलै, २२:१५

मंडळी, फोटो मिळाला! बॅटरीवर पडू देऊन वाट बघत बसावं लागलं. आधी क्रिटिकल प्रोसेसवाला आला, मग एकदाचा इनपेज एरर. दुसरा आकडा आधी खूप एफ, आणि शेवटी सी०००००९डी. मुलगा म्हणाला, आई, निळा पडल्यावर टाळ्या वाजवणारी तू पहिलीच.

डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फोही बघितलं: प्रकृती "गुड", ९१ टक्के, मीडिया एरर ०. अनसेफ शटडाउन मात्र भरमसाट.

खिळेसाहेब, तुमचा मान राखून, मी आधी काकांचं सेटिंग करते. झाकणाचे स्क्रू इवलेसे आहेत आणि माझ्याकडे तसला पेचकस नाही.

कर्नल_काका | १२ जुलै, ०७:३०

९डी. उत्तम. मीडिया एरर शून्य हेही जुळतंय. अनसेफ शटडाउन म्हणजे तुम्ही बटण दाबून जेवढ्या वेळा बंद केलात आणि डिस्क जेवढ्या वेळा गायब झाली ते सगळं.

कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथून योजनेची प्रगत सेटिंग, त्यात पीसीआय एक्सप्रेस, लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट, "ऑन बॅटरी" समोर ऑफ. तुमच्या मशीनवर हा पर्याय बहुधा लपवलेला असेल, नव्या लॅपटॉपांत असतो. पॉवरसीएफजीच्या एका कमांडने उघडा होतो, तीही व्यनि केली आहे. बाकी कशालाही हात लावू नका. बॅटरी थोडी लवकर संपेल, तेवढं सोसा.

दाभोळची_खाडी | १६ जुलै, २१:०५

दोन दिवस मुसळधार, लाइट नावाला. लॅपटॉप जवळजवळ पूर्ण वेळ बॅटरीवर, मध्ये शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवर चार्ज करून आणला. एकदाही निळा नाही. मुद्दाम तासन्‌तास रिकामा ठेवला तरी नाही. थ्रीबी निम्म्याहून जास्त भरून झाल्या.

आता हे असंच ठेवायचं का?

कर्नल_काका | १६ जुलै, २१:४०

तुमच्या रिटर्न भरून होईपर्यंत असंच ठेवा. हे दुखणं दाबून ठेवणं आहे. २० तारखेनंतर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मशीनचा अनुक्रमांक टाकून एसएसडीचं फर्मवेअर आणि नवा बायोस आलाय का बघा. लॅपटॉपसोबत आलेल्या एसएसडीचं फर्मवेअर पुष्कळदा लॅपटॉपवालेच देतात. आधी फक्त एसएसडीचं टाका. टाकताना चार्जर लावलेला, बॅकअप ताजा, एन्क्रिप्शन तात्पुरतं स्थगित. मग सेटिंग मूळ जागी आणून बॅटरीवर पडू द्या.

जुना_खिळा | १६ जुलै, २२:०२

आणि आकाशात ढग असताना नको. फर्मवेअर अर्ध्यात अडकलं तर काकासुद्धा काही करू शकणार नाहीत.

वऱ्हाडी_ठेचा | १६ जुलै, २२:१०

शेवटी लाइनीवरच आले ना सगळे!

दाभोळची_खाडी | २७ जुलै, १८:५०

कंपनीच्या पानावर एसएसडीचं नवं फर्मवेअर होतं, सोबतच्या टिपेत "कमी वीज अवस्थेतील स्थिरतेत सुधारणा" अशा अर्थाची एक ओळ. टाकलं. सेटिंग परत कमालवर नेलं. त्यानंतर रोज बॅटरीवर रिकामा ठेवून बघतेय, निळा नाही. बायोसला हात लावलेला नाही.

दुकानदाराला फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "तात्पुरतं आहे मॅडम, बोर्ड जाणारच." म्हटलं, जाईल तेव्हा येते.

जुना_खिळा | २७ जुलै, १९:२०

मान्य, काका. यात पुसून काही झालं नसतं. बॅकअपची सवय मात्र मोडू नका ताई, ज्या एसएसडीने एकदा ओ दिली नाही तिच्यावर माझा विश्वास बसत नाही.

टोरांटोकर | २७ जुलै, १९:४४

ती डिस्प्लेपॅरामीटर्सची युक्ती मी घरच्या सगळ्या मशीनवर करून ठेवली. आता कधी पडतंय याची वाट बघतोय, तर एकही पडत नाही.

अबोली_मडगाव | २७ जुलै, २१:३०

या धाग्यावरच विचारते. माझाही लॅपटॉप निळा पडतो, पण फक्त झाकण मिटून ठेवला आणि नंतर उघडला की. कोड दर वेळी एकच, ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर. मीही हेच लिंक स्टेट सेटिंग ऑफ करू का?

कर्नल_काका | २७ जुलै, २२:०५

नको. तुमचं दुखणं वेगळं. ०एक्स९एफ म्हणजे झोपताना किंवा उठताना एखाद्या ड्रायव्हरने वेळेत काम आटपलं नाही. वायफाय, ग्राफिक्स, बाहेरून लावलेला एखादा डोंगल, यांपैकी कुणीतरी असतो. तुमच्याकडे टक्के पुढे सरकतात का? सरकत असतील तर मिनिडंपमध्ये फाइल असेल, आणि विनडीबीजी बहुतेक वेळा त्या ड्रायव्हरचं नाव थेट सांगतो. फाइल असेल तर नवा धागा काढून तिथे दुवा द्या. तोवर यूएसबीला जे काही लावलेलं असेल ते काढून झाकण मिटून बघा.

अबोली_मडगाव | २७ जुलै, २२:१२

टक्के शंभरपर्यंत जातात. फोल्डरात फाइली आहेत. नवा धागा काढते.

भटकं_खेचर | २७ जुलै, २२:१४

तिथे पहिला प्रतिसाद माझा असेल. काय असेल ते सगळ्यांना माहीत आहेच.